मामाच्या गावचा पंप

रात्रीचे पावणेअकरा. माझ्यापुढे सतरा गाड्या. त्यातल्या अकरा रिक्षा, म्हणजे आशेला जागा होती. (रिक्षाचा सिलिंडर लहान, पटकन भरतो. सीएनजीच्या रांगेत उभं राहून राहून असल्या विषयांत आपली आपोआप पीएचडी होते.) हँडब्रेक ओढून मी मोबाइलवर दुसऱ्या दिवशीचं प्रेझेंटेशन चाळत होते, तेवढ्यात कवठे महांकाळहून मामेभावाचा फोन.

“ताई, सीएनजीचा पंप टाकायचा म्हंतोय.”

टायमिंग बघा!

आमच्या दाद्याचा असा फोन साधारण दीड-दोन वर्षांनी येतो. आधी शेळीपालन होतं, मग मिनरल वॉटर, मग ड्रॅगन फ्रूट. शेवटचं वाक्य दर वेळी एकच : “तू फक्त एक्सेल करून दे.” घरातलं एक माणूस पुण्यात लॅपटॉप घेऊन बसलं की अख्ख्या खानदानाला वाटतं, धंदा काय तो त्या एका एक्सेलवर अडलाय. पण या वेळी मी विषय टाळला नाही. एक तर रांग हलत नव्हती. दुसरं म्हणजे, रांगेतल्या अठराव्या गाडीत बसून पंपाच्या मालकाबद्दल काय वाटतं ते तुम्हालाही माहीत असेल. हा माणूस झोपेत कमावतोय, बॉस! लोक आपणहून येतात, तासभर उभे राहतात, पैसे देतात आणि वर थँक्यू म्हणतात. असं एक जरी गिऱ्हाईक आमच्या कंपनीला मिळालं तर सेल्सवाले पेढे वाटतील.

“कर की,” मी म्हटलं. “पाठवते एक्सेल.”

कवठे महांकाळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : मिरजेहून पंढरपूर-सोलापूरकडे निघालात की दंडोबाचा डोंगर मागे पडतो आणि थोड्या वेळानं माझ्या मामाचं गाव लागतं. सांगली जिल्हा म्हटलं की पुणेकरांच्या डोळ्यांसमोर कृष्णाकाठ आणि ऊस येतो. तो पलीकडे. आमचा भाग दुष्काळी. म्हैसाळ योजनेनं कृष्णेचं पाणी उपसून वर आणलं आणि मग बागा वाढल्या. द्राक्षं आली की बेदाणा आलाच. हायवेच्या दोन्ही बाजूंना बेदाण्याची शेडं दिसतात, हिरव्या जाळ्यांची, मजल्यांवर मजले. तो हायवे म्हणजे रत्नागिरीहून कोल्हापूर, मिरज, सांगोला, मंगळवेढा करत सोलापूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६६. तो चौपदरी झाल्यापासून रस्त्याला चिकटून ज्याची जमीन आहे त्या प्रत्येक माणसाच्या डोक्यात काही ना काही शिजतंय. धाबा, लॉज, मंगल कार्यालय, वे-ब्रिज. मामाची सव्वा एकर रस्त्याला चिकटून आहे. बाग उभी आहे तिच्यात.

एक्सेल उघडायच्या आधीच कळलं, की दाद्यानं फोनवर एक गोष्ट सांगितलीच नव्हती. त्यानं एका वेबसाइटवर ‘सीएनजी डीलरशिप’चा फॉर्म भरला होता आणि साडेअठरा हजार रुपये नोंदणी फीही पाठवून मोकळा झाला होता! चार दिवसांत ‘अलॉटमेंट लेटर’ आलं. वर अशोकस्तंभ, खाली दोन सह्या, मध्ये इंग्रजीच्या सहा चुका. आता अडीच लाख डिपॉझिट मागत होते. मी खात्याचा नंबर मागवला. कुणाचं तरी साधं बचत खातं, भलत्याच राज्यातलं. कुठलीही गॅस कंपनी असं कुणाच्या बचत खात्यात डिपॉझिट घेत नाही हे मला पुण्यात बसून कळतं, कारण आमच्या ऑफिसात दर महिन्याला सायबर सिक्युरिटीचा कंपल्सरी क्विझ असतो. दाद्याला कोण क्विझ देणार? १९३० ला फोन केला, तक्रार नोंदवली. साडेअठरा हजार गेले ते गेले. त्यानंतरचे आठ दिवस तो मामासमोर आला नाही.

मग मी जरा अभ्यासाला बसले. म्हटलं, हा पंप खरोखर मिळतो कसा?

पहिला धक्का हा, की तुम्ही-आम्ही उठून सीएनजी विकायला सुरुवात करू शकत नाही. पैसे असले तरीही. २००६ साली संसदेनं कायदा केला आणि पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ आलं. हे मंडळ देशाचे भाग पाडतं, एखादा जिल्हा किंवा दोन-तीन जिल्हे मिळून एक, आणि बोली मागवून प्रत्येक भाग एका कंपनीच्या हवाली करतं. २०१८ च्या नवव्या फेरीत एका दमात ८६ भाग वाटले गेले, १७४ जिल्ह्यांचे. त्यात सातारा आणि सांगली मिळून एक भाग होता. तो गेला भारत गॅस रिसोर्सेसकडे. ही भारत पेट्रोलियमची कंपनी, २०२२ साली ती भारत पेट्रोलियममध्येच विलीन झाली. कोल्हापूर दुसऱ्याकडे, सोलापूर तिसऱ्याकडे, पुण्यात २००६ पासूनची एमएनजीएल. म्हणजे आमच्या हायवेवरून पुढे सांगोल्याच्या हद्दीत शिरलात की गॅसचा मालक बदलतो. संस्थानं खालसा झाली असं आपण शाळेत शिकलो, पण गॅसची चांगली चालू आहेत.

तर दाद्याला ठोठावायला दार एकच. पण या एकाच दारामागे बसलेल्या कंपनीच्याही मानेवर काहीतरी आहे, आणि हा भाग मला भारी इंटरेस्टिंग वाटला. या बोलीत कोण सरकारला जास्त पैसे देतो याला फारसा अर्थ नव्हता. आठ वर्षांत किती घरांत पाइपनं गॅस देणार, किती पंप उभे करणार, किती पाइपलाइन टाकणार, याची वचनं द्यायची होती. ती पाळली नाहीत तर दंड. म्हणजे टार्गेटचं टेन्शन तिकडेही आहे. त्यांनाही रस्त्याकडेच्या, कागद स्वच्छ असलेल्या जागा हव्याच असतात. तेव्हा हात जोडून जायची गरज नाही, हे मी दाद्याला दोनदा सांगितलं.

पंप उभा राहायचे प्रकार साधारण तीन. कंपनी जागा भाड्यानं घेते आणि सगळं स्वतः बघते. किंवा यंत्रं कंपनीची आणि चालवणारा डीलर. किंवा जागा, बांधकाम, पैसा सगळा डीलरचा, कंपनीचा फक्त गॅस आणि बोर्ड. चौथी एक वाट आहे, जिच्याबद्दल दाद्यासारखे लोक विचारच करत नाहीत : आधीपासून चालू असलेल्या पेट्रोल पंपाच्या मोकळ्या कोपऱ्यात सीएनजीचं मशीन बसवणं. तिथे जमीन बिनशेती झालेली असते, वीज असते, रस्त्याला जोडणी असते, माणसं असतात, हवा भरायचा पोरगासुद्धा असतो. तुमचा खरा स्पर्धक हा. तो एका कोपऱ्यात जे करतो त्यासाठी तुम्ही अख्खी बाग काढणार.

आणि परवानग्या! जमीन बिनशेती करून घ्या. हायवेला वळणं काढायला महामार्गवाल्यांची परवानगी घ्या. चौक किती लांब, दुभाजकाचं तोंड किती लांब, शेजारचा पंप किती लांब, सगळं टेप लावून बघतात. जिल्हाधिकाऱ्यांचा ना हरकत दाखला. मग ‘पेसो’, म्हणजे स्फोटकं, पेट्रोल आणि दाबाखालचे वायू यांचा परवाना देणारी केंद्राची संस्था. तिचं मुख्यालय नागपूरला आहे असं मी सांगितल्यावर दाद्या म्हणाला, “मग बरंच की, आपला हायवे नागपूरलाच जातोय.”

भाऊबीजेला आईला घेऊन मी कवठ्याला गेले, लॅपटॉपसकट.

रात्री जेवणं झाल्यावर गच्चीवर मीटिंग. मामा, मामी, दाद्या, इचलकरंजीची मावशी, आई आणि मी. छाटणी झालेली बाग खाली अंधारात. मामा म्हणाला, “बाळ, आधी मला हे सांग, गॅस येतोय कुठनं? पाइप तर कुठं दिसंना.”

हा प्रश्न त्या खोट्या वेबसाइटवाल्याला विचारला असता तर साडेअठरा हजार वाचले असते.

गॅस पाइपलाइननं येतो तो ठरावीक ठिकाणी. तिथे मोठा कॉम्प्रेसर लावून तो दाबून दाबून अडीचशे बारपर्यंत नेतात. आपल्या कारच्या चाकात दोन-सव्वादोन बार हवा असते, म्हणजे त्याच्या शंभरपट समजा. या ठिकाणाला म्हणतात ‘मदर स्टेशन’. जिथे पाइपलाइन पोचलेली नाही तिथे ट्रकवर सिलिंडरांची चळत ठेवून गॅस पाठवतात. त्या चळतीला कॅस्केड म्हणतात आणि असा गॅस उतरतो त्या पंपाला ‘डॉटर स्टेशन’. खरंच. सरकारी कागदावर हेच नाव आहे. तिथे दाब वाढवायला छोटा कॉम्प्रेसर असला की ‘डॉटर बूस्टर’.

“म्हंजे लेकीला माहेरच्या गाडीची वाट बघत बसायचं,” मामी म्हणाली.

एक्झॅक्टली! आणि गाडी आली तरी पुढचं रामायण आहेच. दोन हंड्यांना नळी लावून जोडलं की पाणी दोन्हीकडे सारखं होऊन थांबतं, तसंच गॅसचं. कॅस्केड भरलेलं असतं तेव्हा पहिल्या गाड्या फुल्ल होतात. जसजसं ते रिकामं होतं तसा दाब उतरतो. भरायला वेळ लागतो, काटा पाऊणवर थांबतो, आणि मग तुम्ही-आम्ही ऐकतो ते अमर वाक्य : “मॅडम, प्रेशर नाही.” बूस्टर असला की परिस्थिती बरीच सुधारते, पण बूस्टर विजेवर चालतो. आणि आमच्या गावची वीज कशी असते ते मामानं हातानंच दाखवलं. वर-खाली.

पुण्यातल्या रांगेचा अर्थ मला त्या गच्चीवर लागला. रांग म्हणजे पंपवाल्याकडे लक्ष्मी नांदतेय असं मी समजत होते. बऱ्याचदा ती रांग म्हणजे गॅस संथ येतोय, एवढंच. मालक तेव्हा झोपत नाही, ट्रकच्या ड्रायव्हरला फोन लावत असतो.

मग एक्सेल. दाद्याच्या शीटमध्ये पहिल्याच ओळीत रोजची विक्री ३,००० किलो होती. हा आकडा कुठून आणलास म्हटलं तर म्हणाला, राउंड फिगर हाय. मी तो खोडून १,००० केला, तोही हिशेब सोपा पडावा म्हणून. डीलरला मिळतं ते किलोमागे ठरलेलं कमिशन. रोज १,००० किलो खपला तर कमिशनच्या प्रत्येक रुपयामागे महिन्याला ३० हजार. तुमच्या वाट्याला किती रुपये येतात, यंत्रं कुणाची, विजेचं बिल कुणाचं, हे करारावर ठरतं. त्यातूनच तीन पाळ्यांतल्या माणसांचे पगार, जनरेटरचं डिझेल, विमा, कर्जाचा हप्ता. खर्चाच्या यादीत दाद्यानं स्वतःचा पगार लिहिलाच नव्हता. शेतकऱ्याच्या पोराला ती सवयच नसते. मी लिहिला, तर शीट लाल.

“आणि १,००० किलो म्हंजे गाड्या किती?” मावशीनं विचारलं.

कारमध्ये एका वेळी सात-आठ किलो बसतो. म्हणजे सव्वाशे ते दीडशे कार. रोज. दिवाळीतही आणि ऐन मेमध्येही. टेम्पो आले तर संख्या थोडी कमी चालेल. मामाला मोटरसायकलींची फार आशा होती, कारण बजाजनं जुलै २०२४ मध्ये पुण्यात सीएनजीवर चालणारी मोटरसायकल आणल्याचं त्यानं टीव्हीवर बघितलं होतं. जगातली पहिली. बरोबर आहे, पण तिची टाकी दोन किलोची. पाचशे मोटरसायकली लागतील.

“पाचशे तर बाजारादिवशी बी येत न्हाईत,” मामा म्हणाला आणि गप्प झाला.

भावाचंही एक त्रांगडं आहेच. महाराष्ट्रानं १ एप्रिल २०२२ पासून नैसर्गिक वायूवरचा व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला. झकास. पण त्याच वर्षी युक्रेनच्या युद्धामुळे जगभर गॅस भडकला आणि स्वस्ताईचा बराच भाग हवेत गेला. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं देशातल्या जुन्या विहिरींच्या गॅसला वरची मर्यादा घातली. पुढे २०२४ च्या शेवटी त्या स्वस्त गॅसचा शहरी कंपन्यांचा वाटा कापला आणि कंपन्यांना महागडा घ्यावा लागला. यातला एकही निर्णय कवठ्यात होत नाही. दाद्याचं कमिशन किलोवर, भावावर नाही, हे खरं. पण गिऱ्हाईक किट बसवतं ते पेट्रोल आणि गॅसच्या भावातला फरक बघून. फरक आटला की नव्या गाड्या येणं आटलं. मामीनं तेवढ्यात बॅटरीच्या गाड्यांचं काय म्हणून विचारलं. कर्ज दहा-पंधरा वर्षांचं काढायचं, त्यामुळे तो प्रश्न काही अस्थानी नव्हता. मी म्हटलं, टेम्पो आणि लांबचे प्रवासी अजून बरीच वर्षं गॅसवर असतील असं मला वाटतं. ‘मला वाटतं’ या सदरात एक्सेल भरता येत नाही, ही गोष्ट वेगळी.

माझं मत मी सांगून टाकलं. जागा कंपनीला भाड्यानं द्यायची तयारी दाखवा, कर्ज काढू नका. दाद्या फुरंगटला. “म्हंजे लोकांनी पंप चालवायचा आन् आमी नुसतं भाडं खायचं? ताई, तू बी पगारीच डोक्याची.” लागलं मला ते. खोटंही नव्हतं.

आई एवढा वेळ काही बोलली नव्हती. तेव्हा दाद्यानं प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून एक कागद काढला आणि तिच्यापुढे ठेवला. हक्कसोड पत्राचा मसुदा.

सातबाऱ्यावर तीन नावं आहेत. मामा, आई, मावशी. आजोबा गेल्यावर वारसनोंद झाली तेव्हा लागलेली. वीस वर्षं कुणाला ती आठवली नव्हती. पण कंपनी असो की बँक, पहिल्यांदा मागतात सातबारा. वकिलानं दाद्याला सांगितलं होतं, आत्यांची नावं कमी करून घे, कागद क्लीन होईल. पाचशे रुपयांच्या स्टॅम्पवर होतं. भाऊबीजेला दोघी येतातच.

आईनं चष्मा लावून कागद वाचला. सगळा. मग म्हणाली, “सही कुठं करायची ते दावलंस. इचार कुणी केला न्हाईस मला.”

(पुण्यात पस्तीस वर्षं काढलेली माझी आई गच्चीवर बसली की दोन मिनिटांत कवठ्याची होते.)

“आक्का, तसं न्हवं...” मामा म्हणाला.

“तसंच हाय.”

आता माझंही एक कबूल करते. त्या क्षणी मला आईचं कौतुक वाटलं, पण त्याच्या आधी दुसरंच काही वाटलं होतं. गेली दोन वर्षं मी आणि नवरा भोरकडे जमिनीचे तुकडे बघत फिरतोय. वीकेंडला आंब्याची चार झाडं, एक छोटं घर, ते आपलं सगळ्यांचंच स्वप्न. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायची तर आधी शेतकरी असावं लागतं. कूळ कायद्याचं कलम ६३. मी कुठली शेतकरी? माझ्या आणि त्या आंब्याच्या झाडांच्या मध्ये जो काही धागा आहे तो म्हणजे कवठ्याच्या सातबाऱ्यावरचं आईचं नाव. तिनं हक्क सोडला की तो धागा तुटला. म्हणजे गच्चीवर भावाच्या भल्याचा हिशेब मांडणारी पुण्याची ताई स्वतःचाही एक हिशेब खिशात घेऊन बसली होती. तो एक्सेलमध्ये नव्हता. दाद्याला हे माहीत नव्हतं. आईला बहुतेक होतं, कारण तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि मग कागदाची घडी घातली.

“हक्क सोडायची सही मी करणार न्हाई. तिघांची जमीन हाय, तिघांच्या नावानं अर्ज करा. संमतीपत्र पायजे तर देते. भाडं आलं तर माझा वाटा भावाला. पर तो मी दिलेला असंल.”

मावशीनं नुसती मान हलवली. तिची मान हलण्यात आयुष्य गेलंय, पण या वेळी ती वेगळ्या दिशेला हलली असं मला वाटलं.

दाद्याचे डोळे भरले होते. त्याला वाटलं, आत्यांचा विश्वास नाही. खरं सांगायचं तर त्याचंही चुकत नव्हतं. बत्तीस वर्षांचा पोरगा, लग्न जमत नाही, कारण शेती करतो म्हटलं की मुलीकडचे चहा अर्धा ठेवून उठतात. ‘पंपाचा मालक’ हे शब्द त्याला पंपापेक्षा जास्त हवे होते. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. उरलेले तीन किलो उडून जातात ते कसे, हे त्यानं लहानपणापासून बघितलंय. त्याला कधीतरी न उडणारं काहीतरी विकायचं होतं. आणि निवडलं काय, तर गॅस!

आईनं त्याला जवळ बसवलं. म्हणाली, “तुझा आजा बाग द्यायच्या आधी काय करायचा म्हाईतीय? व्यापारी म्हणायचा अमुक टन निघंल. आजा म्हणायचा, थांब. आन् सोता ओळीनं फिरून घड मोजायचा. तू मोजलास का?”

“काय मोजू?”

“गाड्या.”

दुसऱ्या दिवशी आम्ही पुण्याला निघालो. वाटेत मी सीएनजी भरला. रांग नव्हती, प्रेशर होतं, टाकी फुल्ल झाली, आणि पहिल्यांदाच मी मशीनकडे न बघता मागच्या सिलिंडरांच्या चळतीकडे, कॉम्प्रेसरच्या खोलीकडे, वायरच्या स्टुलावर पेंगणाऱ्या पोराकडे बघत बसले.

आठवडाभर दाद्याचा फोन नाही, मेसेज नाही. फॅमिली ग्रुपवर नेहमीची गुड मॉर्निंगची फुलंसुद्धा बंद. मग एका रात्री फोटो आला. वहीचं पान, निळ्या शाईत उभ्या रेघा, पाचवी रेघ तिरकी. खाली ओळ : ‘सकाळी ६ ते रात्री १०. दोन्ही साइड. मागच्या काचेला सीएनजीचं स्टिकर दिसलेल्याच फक्त धरल्या.’ हायवेच्या कडेला चहाच्या टपरीवर बसून दिवसभर मोजल्या होत्या त्यानं. मिरजेकडून येणाऱ्या वेगळ्या, सांगोल्याकडून येणाऱ्या वेगळ्या. टेम्पो वेगळे. टपरीवर थांबलेल्या किती, तेही. टपरीवाल्याला त्यानं दोन दिवसांत आठ ड्रायव्हरांशी बोलायला लावलं होतं : कुठं भरता, किती वेळ थांबता, इथं मिळाला तर थांबाल का.

माझ्या शीटमध्ये ‘रोजच्या गाड्या’ नावाचा एक पिवळा चौकोन रिकामा होता. त्यात पहिल्यांदा खरा आकडा गेला. शीट अजून लालच आहे. पण आता ती कशामुळे लाल आहे ते दिसतं, आणि कंपनीचा माणूस जागा बघायला आला तर त्याच्यासमोर ठेवायला दाद्याकडे काहीतरी आहे. त्या वेबसाइटवाल्यांकडे हे नव्हतं. तिघांच्या नावाचा अर्ज गेलाय. भाड्यानं जागा द्यायची तयारी पहिल्या पानावर, चालवायला मिळाला तर हवाय हे दुसऱ्या पानावर. उत्तराची वाट बघतोय. बाग जागेवर आहे, यंदा घड बरे लागलेत म्हणे.

आईला वहीचा फोटो दाखवला. तिनं तो बोटांनी मोठा केला, ओळी मोजल्या, आणि म्हणाली, “रात्री दहाच्या पुढच्या कुठायत? पंढरपूरच्या गाड्या रात्रीच्या जातात. फोन लाव त्याला.”